उजवा कौल

शीर सापडत नव्हती. उर्मिलेचा डावा हात माझ्या मांडीवर होता, दंडाला रबरी पट्टा करकचून बांधलेला, आणि कोपराच्या खळगीत बोट टेकवून त्वचेखाली काही उसळते का याची मी वाट पाहत होते. उजव्या हाताला एक सलाईन लागलेली होती. ती पुरणार नव्हती. तिचे ओठ मेणासारखे पिवळट झाले होते. कपाळावरचा घाम पुसला की पुन्हा उगवत होता.

"गाडी बंद करू, मॅडम?" रुग्णवाहिका चालवणाऱ्या गुणाजीने पुढच्या खिडकीतून मान वळवून विचारले.

"करा. पण चावी हातात ठेवा."

"चावीच कित्याक, जीव पण हातातच आसा."

इंजिन थांबले आणि एकदम दुपार ऐकू येऊ लागली. काजूच्या बागांतून येणारा बोंडांचा आंबूस, मादक वास, कुठेतरी वाळक्या पानांवर चालणारे जनावर, आणि देवळातून एका म्हाताऱ्याचा एकसुरी, घोगरा आवाज. तो देवाला काहीतरी सांगत होता. अंतर एवढे थोडे होते की मी हाक मारली असती तर आत गेलेल्या उर्मिलेच्या नवऱ्याला, सगुणाला, ऐकू गेली असती.

गाडी थांबवायला मीच सांगितले होते. घाटीच्या त्या खडबडीत रस्त्यावर, हिंदकळणाऱ्या गाडीत, आकसलेल्या शिरेत दुसरी सुई घालणे केवळ अशक्य होते. तिठ्यावर, तीन रस्ते जुळतात त्या जागी, सपाटी आहे, तिथे क्षणभर थांबू, असे मी म्हटले. तिठ्यावर देऊळ आहे हे मला ठाऊक नव्हते. चाके थांबताच सगुण मागचे दार उघडून खाली उतरला, म्हणाला, "देवाक इचारून इलंय," आणि मी "अहो" म्हणेपर्यंत वहाणा काढून पायऱ्या चढून गेलाही.

त्या तालुक्यात मी नुकतीच आले होते. आयुर्वेदाची पदवी, उशाशी नव्या कवितांची पुस्तके, आणि सरकारी रुग्णवाहिकेवरची नोकरी. घाटावरच्या कोरड्या, उघड्या माळांमध्ये वाढलेल्या मला ही दाट हिरवी दरी सुरुवातीला कवितेसारखी वाटली होती. पुढे कळले की इथे प्रत्येक वळणामागे आणखी एक वळण असते, आणि आजारी माणसाला घेऊन जाताना हिरव्या रंगाचाही राग येऊ शकतो.

"गुणाजी, त्याला बोलवा ना. सुई लागली की निघायचंय."

"बोलवतंय. पण कौल लागल्याबिगर तो उतरूचो नाय. तेका वडून हाडलास तरी तो गाडीत नुसतो बसतलो. तुमका तेच्या तोंडातसून शबुद होयो मां?"

हवा होता. त्या एका शब्दासाठीच सगळे अडले होते.

सकाळी उर्मिलेच्या घरी पोचलो तेव्हा ती पडवीत चटईवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. सगुण रबराच्या बागेत चीक काढायला जातो. निरोप मिळताच तसाच धावत आला होता, आणि त्याच्या बोटांवर तो पांढरा चीक वाळून सालपटासारखा चिकटला होता. मी पोटाला हात लावताच उर्मिला कळवळली. मग तिने माझी ओढणी धरून मला खाली ओढले आणि कानाशी पुटपुटली, "पाळी चुकली हा माजी. तेंका सांगूक नाय. ह्या खेपेक खरा झाल्यावरच सांगतलंय, असा ठरवलेला." आणि थोड्या वेळाने, "खांद्यात कित्याक दुकता गो, बाय? माजा तर पोट दुकता."

खांद्यात दुखते म्हणजे पोटात रक्त साठते आहे. गर्भ जिथे रुजायला नको तिथे, नळीत रुजला असावा, आणि नळी फुटली असावी. हे मी तिला सांगितले नाही. तिला मी म्हटले, "होतं असं कधी कधी."

तालुक्याच्या रुग्णालयाला फोन लावला. तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "घेऊन या. सर्जन आहेत. भूल देणारे डॉक्टर बाहेरगावी गेलेत, निघालेत म्हणतात. पोचतील केव्हा, मी सांगू शकत नाही. तिच्या गटाचं रक्त एखादी पिशवी असेल. खोटं कशाला सांगू तुम्हाला?"

मग नियंत्रण कक्ष. पुण्यातला कुणी सौम्य आवाजाचा तरुण. "मॅडम, नियमाने जवळचंच शासकीय रुग्णालय. सीमेपलीकडे न्यायचं तर नातेवाइकांनी स्वतः मागणी केली पाहिजे. आपण सुचवलेलं चालत नाही. त्यांच्या तोंडून आलं पाहिजे."

गोव्याच्या मोठ्या इस्पितळात सगळे होते. भूल देणारे होते, रक्त होते, शस्त्रक्रियेचे दालन दिवसरात्र जागे होते. फक्त ते लांब होते. एवढे लांब, की तिच्या पोटातल्या त्या गळतीला पुरेसा अवधी मिळावा.

मी सगुणाला पडवीच्या कडेला नेऊन जसे होते तसे सांगितले. जवळ गेलो आणि भूलतज्ज्ञ आलेले नसले तर तिथून पुन्हा निघावे लागेल, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नसेल. लांब गेलो तर वाटेतच काही होऊ शकते. त्याने ऐकून घेतले. बोटांवरचा चीक नखाने खरवडत राहिला.

"तुमीच सांगा, डाक्टरबाय."

"माझ्या सांगण्यावर गाडी पलीकडे जात नाही. तुम्ही म्हणायला हवं."

"मी नाय म्हणूचंय."

"मग तालुक्याला नेऊ?"

"ता पण मी नाय म्हणूचंय."

एखाद्या माणसाचा असा राग मला क्वचितच आला असेल. नियमाप्रमाणे गाडी तालुक्याच्या दिशेनेच निघाली. सारा रस्ताभर मी त्याच्याकडे पाहत होते आणि तो सलाईनच्या नळीतल्या थेंबांकडे पाहत होता. तिठ्यावरून डावा रस्ता तालुक्याला उतरतो, उजवा गोव्याकडे. तिठा येईपर्यंत त्याने काही म्हटले असते तरी चालले असते.

आणि आता तो देवळात होता.

"तेचा पण काय चुकला नाय, मॅडम," गुणाजी म्हणाला. तो स्टिअरिंगवर दोन्ही कोपरे टेकून बसला होता. ओठांच्या कोपऱ्यात नेहमीसारखी न पेटवलेली विडी. "तेचो थोरलो भाव होतो, इठू. काजीच्या झाडावरसून पडलो, डोक्यार. सगळे बोललेले, तालुक्याक न्हेवया. हेना हट्ट केल्यान, गोव्याकच न्हेवया. जीप केल्यानी. सीमेच्या नाक्याच्या अलीकडेच गेलो तो."

"तालुक्याला नेला असता तरी गेला असता कदाचित."

"ता तुमका कळता. गाव काय म्हणता? जवळचा सोडून लांब न्हेलंस, आणि वाटेत घालवलंस. आवस तेची, म्हातारी, अजून म्हणता. जेवक वाढताना म्हणता." त्याने विडी दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली. "आणि हय 'गोव्याक न्हेलो' म्हटला काय, फुडचा कोण इचारीत नाय. समाजतत. तुमच्या घाटार काय म्हणतत?"

"आमच्याकडे म्हणतात, शेवटचं पाणी पाजलं."

"मगे? एकच ता."

सुई आत गेली. अखेर. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, दोऱ्याएवढ्या शिरेत, रक्ताचा एक थेंब मागे उमटला आणि मला रडू येईल असे वाटले. मी दुसरी बाटली पूर्ण उघडली. उर्मिलेने डोळे उघडले, पण ती माझ्याकडे पाहत नव्हती; गाडीच्या छताकडे, तिथल्या पंख्याच्या जाळीकडे पाहत होती, तिथे कुणीतरी असल्यासारखी.

"हे खय गेले?"

"इथंच आहेत. येतील."

देवळातला घोगरा आवाज थांबला. कौल कसा लावतात हे मी तोवर केवळ ऐकले होते. भिजवलेल्या पाकळ्या देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना चिकटवायच्या, आणि प्रश्न विचारायचा. मोठ्याने नको असेल तर मनातल्या मनात. उजवीकडची पाकळी आधी सुटली तर होकार. डावीकडची सुटली तर नकार. मग सगळे श्वास रोखून त्या पाकळ्यांकडे पाहत राहतात. शहरातल्या मैत्रिणींना हे मी पत्रातून कौतुकाने लिहिले असते. त्या दुपारी मात्र, एका बाईच्या पोटात रक्त भरत असताना, बाहेर एक ओली पाकळी दगडावरून सुटण्याची वाट पाहिली जात होती, आणि माझ्या हातातल्या नळीत थेंब पडत होते, पडत होते. दोन्हींत फरक काय, हे मला त्या क्षणी नेमके सांगता आले नसते. याचाच मला अधिक संताप आला.

"गुणाजी, निघा. तो येवो न येवो."

त्याने चावी फिरवली. इंजिन जागे झाले, आणि त्याच वेळी देवळातून म्हातारा गुरव ओरडला, "उजवो! उजवो दिल्यान रे!"

सगुण पायऱ्या उतरून आला, तो धावत नव्हता. वहाणा घालायलाही विसरला. तापलेल्या डांबरावरून अनवाणी चालत आला, मागे चढला आणि दार ओढून घेतले. चेहऱ्यावर होकार मिळालेल्या माणसाचा मोकळेपणा नव्हता. एखाद्याने आपले मन उघडे पाडले तर माणूस जसा दिसतो, तसा तो दिसत होता.

"काय विचारलंत?" मी म्हटले.

तो उर्मिलेच्या पावलांशी बसला.

"सगुण, काय विचारलं तुम्ही देवाला?"

"उजवो दिल्यान," तो इतकेच म्हणाला.

"आयकलंय," पुढून गुणाजी म्हणाला. "उजवो." आणि त्याने गाडी पुढे काढली. ती तिठ्याच्या मध्यावर आली, क्षणभर मंदावली, आणि उजवीकडे वळली.

हे इतके सहज घडले, की ते घडले आहे हे कळायला मला काही क्षण लागले. मागच्या काचेतून डावा रस्ता दिसला, उतरून जाणारा, दोन्ही बाजूंना फणसाची झाडे; तो लहान होत गेला. मी सगुणाकडे पाहिले. तो ताठ झाला होता. त्याचे तोंड उघडले होते. एक हात वर गेला होता, पुढच्या खिडकीच्या काचेवर थाप मारण्यासाठी जातो तसा, आणि तो हात तिथे, अर्ध्या वाटेवर, हवेतच राहिला.

"गुणाजी!" मी ओरडले. "कुठं चाललात?"

"देवान उजवो सांगल्यान मां? मी डायवर माणूस, मॅडम. माका उजवो म्हणजे उजवो."

"कौलाचा उजवा म्हणजे 'हो'! रस्ता नाही!"

"कशाक 'हो', ता कोणाक म्हायत? ता हेका म्हायत." आरशात त्याचे डोळे दिसले. ते सगुणावर होते. "सगुणा, फुडे उताराक जागा आसा गाडी फिरवूक. तू बोल. फिरवतंय."

फोन वाजला. नियंत्रण कक्षातला तोच सौम्य आवाज. "मॅडम, गाडी विरुद्ध दिशेने जाताना दिसतेय. काही अडचण?"

मी फोन कानाला लावून सगुणाकडे पाहत होते. इंजिनाचा घरघराट, उर्मिलेचा उथळ श्वास, आणि त्या दोन्हींच्या मध्ये एक मोठी रिकामी जागा. गाडी फिरवायची जागा समोर आली. वडाच्या पारासमोरची मोकळी लाल माती. गुणाजीने वेग कमी केला. इतका, की बाहेरून चालणारा माणूसही आम्हांला ओलांडून गेला असता.

"मॅडम? ऐकू येतंय का?"

"नातेवाईक..." मी म्हटले, आणि थांबले.

सगुणाने हात खाली घेतला. तो तिच्या पावलांवर ठेवला. दोन्ही पावले मुठीत धरली, थंडीत धरतात तशी. आणि मान खाली घातली.

"नातेवाइकांची इच्छा गोव्याला नेण्याची आहे," मी म्हटले.

"त्यांनी स्वतः सांगितलं?"

लाल माती मागे पडली.

"हो," मी म्हटले.

त्यानंतरचा प्रवास मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. सायरन, आणि त्याने घाबरून रस्त्यातून बाजूला पळणाऱ्या म्हशी. रक्तदाब मोजताना कानात काहीच न येणे. मग पुन्हा मोजणे. मग दूरवरून, भिंतीपलीकडून यावेत तसे ठोके. उर्मिलेचे एकदा स्पष्टपणे म्हणणे, "तुळशीक पाणी घालूक रवला." एका वळणावर गुणाजीने समोरून येणाऱ्या बसला अशी शिवी दिली की एरवी मी हसले असते. सीमेवरच्या नाक्याचा आडवा दांडा लांबून दिसला, आणि सगुणाने डोळे मिटून घेतले. दांडा वर गेला, आम्ही खालून गेलो, आणि बराच पुढे आल्यावर त्याने डोळे उघडून आधी तिच्या छातीकडे पाहिले. ती हलत होती. त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. इठूचा रस्ता तिथे संपला होता; आमचा अजून उरला होता.

मला राहून राहून वाटत होते, आपण उलट दिशेने धावत आहोत. तालुक्याला भूलतज्ज्ञ एव्हाना पोचले असतील. गाडीतून उतरून, हात धुऊन, रिकाम्या टेबलाजवळ आमची वाट पाहत उभे असतील. हे चित्र इतके स्पष्ट होते की त्यांचा चेहराही मला दिसत होता. ज्यांना मी कधी पाहिले नव्हते त्यांचा.

इस्पितळाच्या दारात तिला आमच्या हातांतून काढून घेतले. एका तरुण डॉक्टरने पोटावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिले, मी दोन वाक्ये बोलले, आणि ट्रॉली धावत सुटली. जाता जाता त्याने सगुणाला कोकणीत विचारले, कितवा महिना, किती दिवस झाले. सगुण त्याच्याकडे पाहतच राहिला. मग त्याला कळले. त्याला ते असे, दुसऱ्या कुणाच्या घाईत कळले.

"माका सांगूक नाय तिना," तो म्हणाला. तक्रार नव्हती. केवळ एक गोष्ट जागेवर ठेवावी तसा म्हणाला.

आम्ही शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर बसलो. गुणाजी गाडी धुवायला गेला होता. मी खरे तर निघायला हवे होते. माझे काम दारातच संपले होते. पण पाय निघेनात. समोरच्या बाकावर एक म्हातारी ख्रिस्ती बाई जपमाळ ओढत होती. दिवा लाल होता. पंखा फिरत होता आणि वारा कुणालाच लागत नव्हता.

"मी इचारलंय," सगुण अचानक बोलू लागला, "तालुक्याक न्हेव काय?"

मला आधी कळले नाही.

"देवाक. मनात. तालुक्याक न्हेव काय, असा इचारलंय. देवान उजवो दिल्यान."

उजवा. होकार. तालुक्याला ने.

"म्हणजे देवाने..."

"होय."

"मग तिठ्यावर बोलला का नाहीत? हात वर केला होतात तुम्ही. गुणाजी थांबला होता तुमच्यासाठी."

तो बोटांवरचा चीक शोधू लागला. चीक आता नव्हता. बोटे तशीच एकमेकांवर फिरत राहिली.

"मनात माज्या गोवाच होतो, बाय. घरातसूनच होतो. पण म्हणाचा धीर जाय ना. म्हणान उलटा इचारलंय. म्हटलंय, तालुक्याक न्हेव काय इचारतंय, देव डावो देतलो, नको म्हणतलो. मगे मी म्हणतलंय, देवान नको सांगल्यान, चला गोव्याक. देवाच्या खांद्यार ठेवूचा होता माका." बोटे फिरायची थांबली. "देवान बरोबर पकडल्यान माका. उजवो दिल्यान."

जपमाळेचे मणी एकामागून एक सरकत होते.

"गाडी उजवीकडे वळली तेवा तोंड उघाडलंय मी. शबुद तोंडात होतो. 'फिरव' म्हणाचा होता. गुणाजी थांबलो, तुमी थांबलात, तो फोनातलो थांबलो. आणि शबुद येय ना. मगे माका कळला, येय ना असा नाय. मीच सोडी नाय होतंय."

"गाडी गुणाजीने वळवली," मी म्हटले. मला त्याला काहीतरी द्यायचे होते.

"गुणाजीन वळवल्यान. थांबवची माका होती." त्याने लाल दिव्याकडे पाहिले. "भावाच्या येळेक सगळे बोलले आणि मी आयकूक नाय. आता देव बोललो आणि मी आयकूक नाय. आत काय झाला तर, बाय, ह्या खेपेक कोण काय म्हणूचो नाय. सगळे म्हणतले, देवान उजवो दिलो, गाडी उजवीकडे गेली, देवाचीच इच्छा. गुरव पण तसाच सांगतलो. काय इचारलंय ता माज्याबिगर कोणाक म्हायत नाय." आणि खालच्या आवाजात, "तुमका म्हायत."

त्या काळी मला शब्दांवर फार विश्वास होता. योग्य शब्द सापडला की काळोखातही वाट फुटते, असे मी मानत असे, आणि असे शब्द माझ्याकडे साठवलेलेही होते. त्या बाकावर त्यांतला एकही माझ्या मदतीला आला नाही. मी त्याच्या शेजारी बसून राहिले, एवढेच केले.

गुणाजी ओल्या हातांनी आला. आमच्या तोंडाकडे पाहून काही न विचारता भिंतीला टेकून उभा राहिला. मी उठून त्याच्याजवळ गेले.

"गुणाजी, खरं सांगा. उजवा कौल म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"पन्नास वर्सा ह्याच मातीत वाडलंय, मॅडम."

"मग?"

"मगे काय? तेच्या तोंडार बघितलास काय तुमी, देवळातसून येताना? उजवो कौल मिळालेलो माणूस असो येता?" त्याने हात शर्टाला पुसले. "माका वाटला, हेका वायच येळ देवया. तिठो एकदा मागे पडलो काय माणसाक आपला खरा कळता. फिरवूक सांगतलो तर फिरवतलंय, असा ठरवलेला. सांगूक नाय तेना."

"आणि ती वाटेत गेली असती तर?"

"तर नोकरी माजी गेली असती. तेची बायल गेली असती. मोटो घाटो तेचो." विडी त्याने खिशातून काढली आणि इस्पितळ आठवून पुन्हा ठेवली. "म्हणान तर बोलूक तेका होया होता."

दालनाचे दार उघडले. बाहेर आलेल्या डॉक्टर मध्यमवयीन होत्या, हिरव्या अंगरख्यावर काळपट डाग, तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढलेली. त्यांनी बाकांवरून नजर फिरवली. चेहऱ्यावरून काहीच वाचता येत नव्हते. थकलेली माणसे तशीच दिसतात, जिंकली तरी, हरली तरी.

"तिका हांगा हाडपाचें कोणें थारायलें?" त्यांनी विचारले.

तिला इथे आणायचे कुणी ठरवले? प्रश्न कोकणीत होता, पण त्या चार-पाच शब्दांचा अर्थ आम्हां सगळ्यांना कळला. स्वर कळला नाही. तो रागाचा असू शकत होता. जवळचे सोडून एवढ्या लांब, या अवस्थेत. किंवा दुसरेही काही असू शकत होते. मी तोंड उघडले. नियमाप्रमाणे उत्तर माझे होते, आणि फोनवर ते मी आधीच देऊन चुकले होते. माझ्या बाजूला गुणाजीही भिंतीपासून सुटला. "देवान..." असे तो काहीतरी पुटपुटल्याचे मला ऐकू आले.

सगुण उठून उभा राहिला होता. अनवाणी, दोन्ही हात बाजूंना सोडून, शाळेत नाव पुकारल्यावर उभे राहतात तसा.

"मी," तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले. तो थांबला नाही. आत काय झाले आहे हे त्याला ठाऊक नव्हते, मला ठाऊक नव्हते, आणि तो ते कळेपर्यंत थांबला नाही.

"मी ठरवलंय. देवान नाय, हेंनी कोणी नाय. माका जवळचा सोडूचा होता. मी हाडलंय तिका हय."

जपमाळ थांबली होती. म्हातारी बाई मान वर करून पाहत होती.

डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढली. केस घामाने चिकटले होते. त्या क्षणभर त्याच्या पायांकडे पाहत राहिल्या, त्या उघड्या, डांबराने काळ्या झालेल्या पायांकडे.

"सगुण म्हळ्यार तूं?"

"होय."

"ती कितल्या वेळाचें तुजें नांव घेता," त्या म्हणाल्या. "यो, भितर यो."

नवऱ्याचे नाव उर्मिलेने त्याआधी कधी तोंडाने घेतले नसणार. त्या बाजूच्या बायका घेत नाहीत. सगुणाला ते ऐकून काय करावे कळेना. तो लाजला. त्या दाराशी, त्या लाल दिव्याखाली, आमच्या सगळ्यांसमोर तो लाजला, आणि मग आत गेला.